वखारींतला अपघात आणि धन्याची जबाबदारी



पेण म्हटलें कीं गणपतीच्या मूर्ति आठवतात आणि रोहें म्हटलें कीं कुंडलिकेचा कांठ आठवतो. परंतु हीं दोन्ही गांवें मालाच्या चढउतारावरहि वाढलेलीं आहेत. एके काळीं पेणजवळच्या अंतोरे बंदरांतून भात आणि मीठ गलबतांत चढे, आणि रोह्याचा व्यापार खाडीच्या वाटेनें चाले. पुढें गलबतांची जागा आगगाडीनें व मालमोटारींनीं घेतली. कोंकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो, आणि शेजारीं धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. भाताच्या पोत्यांशेजारीं आतां रसायनांचीं पिंपें आलीं. माल बदलला, वाहनें बदललीं. पण ओझें उचलणारा माणूस वखारींतून गेलेला नाहीं. थप्पी कोसळली, फळी निसटली किंवा पिंप पायावर आलें, तर त्या माणसाचें आणि त्याच्या घरच्यांचें पुढें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, दवाखान्याचा खर्च भरला आणि घरच्यांच्या हातावर चार पैसे ठेवले कीं धनी मोकळा झाला. आणि एवढें त्यानें केलें, तर तो त्याचा मोठेपणा. ही समजूत चुकीची आहे. नुकसानभरपाई ही दया नव्हे, तो हक्क आहे. आणि विशेष हें कीं, तो हक्क धन्याच्या अपराधावर अवलंबून नाहीं.

ही गोष्ट सहजासहजीं मान्य झालेली नाहीं. इंग्लंडांत १८३७ सालच्या एका निवाड्यापासून न्यायालयें असें मानूं लागलीं कीं, सोबतच्या नोकराच्या चुकीनें इजा झाली तर धनी जबाबदार नाहीं. मजुराची स्वतःची हयगय आढळली, किंवा धोका ओळखून त्यानें काम पत्करलें असें दिसलें, तरीहि दावा बुडे. वखारींतल्या अपघाताला यांपैकीं एखादें कारण बहुधा चिकटतेंच, कारण थप्पी रचणारा हा सोबतीच असतो. ही कोंडी जर्मनीनें १८८४ त आणि इंग्लंडनें १८९७ त फोडली. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्या वेळीं मध्यवर्ती कायदेमंडळांत कामगारांची बाजू मांडणारे सभासद होते नारायण मल्हार जोशी. त्यांचा जन्म १८७९ चा, माणगांव तालुक्यांतील गोरेगांवचा. म्हणजे ते तेव्हांच्या कुलाबा आणि आतांच्या रायगड जिल्ह्याचेच. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेंत विलीन झाला; पण त्याचीं मुख्य तत्त्वें संहितेंतहि कायम आहेत.

मूळ विचार साधा आहे. धंद्याचा नफा ज्याचा, त्या धंद्यांतल्या अपघाताचा बोजाहि त्याच्याच खर्चांत धरला पाहिजे. मालाचा विमा उतरणारा व्यापारी पोत्यांची नासाडी आधींच हिशोबांत घेतो; मग पोतें वाहणाऱ्याच्या हाताची किंमत हिशोबाबाहेर कां राहावी ? म्हणून कायदा दोनच गोष्टी पाहतो : अपघात नोकरीमुळें घडला काय, आणि नोकरी चालू असतांना घडला काय. मुकादमाच्या सांगण्यावरून दुसऱ्या दुकानीं माल पोंचवतांना हातगाडी उलटली, तर ती इजा वखारीच्या भिंतीबाहेर झाली तरी कामांतलीच होय. कामावर जातांयेतां घडलेला अपघातहि, त्याचा नोकरीशीं संबंध दिसत असल्यास, नव्या संहितेनें यांत धरला आहे. अपवादहि आहेत. मजूर दारूच्या अमलाखालीं होता, किंवा सुरक्षिततेसाठीं घातलेला स्पष्ट नियम त्यानें जाणूनबुजून मोडला, असें धनी दाखवूं शकतो. मात्र मृत्यु ओढवला किंवा कायमचें संपूर्ण अपंगत्व आलें, तर हीहि सबब चालत नाहीं.

आतां रकमेचा हिशोब पाहूं. मृत्यु झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस, आणि संपूर्ण अपंगत्व आल्यास शेंकडा ६० इतक्या रकमेस, वयानुसार ठरलेल्या एका अंकानें गुणतात. वय जितकें कमी तितका अंक मोठा, कारण बुडालेल्या कमाईचीं वर्षें अधिक. हिशोबांत धरावयाच्या वेतनाची मर्यादा २०२० सालीं दरमहा १५,००० रुपये ठरविण्यांत आली. त्या मर्यादेइतकें वेतन असलेला चाळीस वर्षांचा हमाल घ्या. त्याच्या वयाचा अंक १८४.१७. तो दगावला, तर ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये होतात. त्याचा आंगठा तुटला, तर आंगठ्यासाठीं शेंकडा ३० कार्यक्षमता गेली असें परिशिष्टांत धरलें आहे. तेव्हां संपूर्ण अपंगत्वाच्या १६,५७,५३० रुपयांपैकीं ४,९७,२५९ रुपये त्याला मिळावयाचे. पाठीचा मणका दुखावला, तर त्याचा आंकडा परिशिष्टांत नाहीं. तेथें कमाईची शक्ति किती गेली हें पात्र डॉक्टरानें ठरवावयाचें असतें. म्हणून वजन उचलणाऱ्याच्या बाबतींत डॉक्टरचा दाखला नीट व सविस्तर असणें फार महत्त्वाचें.

शेंकडेवारीचा आंकडा हा शेवटचा शब्द मात्र नव्हे. एका सिनेमागृहाच्या नक्षीकामावरून पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. हाताचा एक भागच गेला, असें धनी म्हणत होता. सर्वोच्च न्यायालयानें या खटल्यांत ठरविलें कीं, एका हातानें सुतारकाम होत नाहीं. म्हणून त्या माणसापुरतें हें संपूर्ण अपंगत्वच. शिवाय, भरपाई देण्याची जबाबदारी निकालाच्या नव्हे, तर अपघाताच्या दिवशींच उत्पन्न होते, असेंहि न्यायालयानें सांगितलें. एक महिन्यांत रक्कम न दिल्यास शेंकडा १२ व्याज चढतें, आणि सबळ कारणावांचून विलंब केल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडहि होऊं शकतो.

वखारींतल्या दाव्यांत खरी अडचण निराळीच असते. हमाल टोळीनें येतो, मजुरी मुकादमाच्या हातून घेतो, आणि अपघात झाला कीं वखारवाला म्हणतो, “हा माझा माणूस नव्हे.” याचें उत्तर कायद्यांत आहे. आपल्या धंद्याचें काम कंत्राटदाराकडून करवून घेणारा मूळ धनीहि भरपाईस जबाबदार असतो. दिलेली रक्कम त्यानें मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. महाराष्ट्रांत १९६९ च्या माथाडी कायद्यानें नोंदलेल्या हमालांसहि भरपाईचें संरक्षण दिलें. जो कामगार राज्य विमा योजनेंत आहे, त्याला मात्र आपला लाभ त्या योजनेकडेच मागावा लागतो. दोन्हीकडून घेतां येत नाहीं.

एवढा हक्क असूनहि तो बुडतो कसा ? बहुतेक वेळां पहिल्या आठवड्यांतच. जखमी माणसाला दवाखान्यांत नेतांना “घरीं पडला” असें लिहविलें जातें. हजेरीच्या वहींत त्या दिवशीं त्याचें नांव नसतें. आणि महिनाभरानें एका कोऱ्या पावतीवर आंगठा उमटवून थोड्या पैशांत प्रकरण मिटविलें जातें. म्हणून तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. डॉक्टरला अपघाताचें ठिकाण व वेळ खरी सांगून ती लिहून घ्यावी. धन्यास शक्य तितक्या लवकर लेखी सूचना द्यावी, आणि दावा दोन वर्षांच्या आंत दाखल करावा. तिसरी गोष्ट, कायमच्या अपंगत्वाबद्दलची तडजोड अधिकाऱ्याकडे नोंदविल्यावांचून पक्की मानूं नये. आणि मृत्यूची भरपाई तर अधिकाऱ्याकडेच जमा करावयाची असते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून गणले जात नाहींत, ही गोष्ट धन्यानेंहि ओळखावी.

आपल्यापैकीं कोणी दुकानदार असतील, कोणी कारखान्यांतील अधिकारी, कोणी सहकारी संस्थेच्या कार्यकारी मंडळावर. त्यांनीं आपल्या वखारींतील प्रत्येक माणसाचें नांव, वय व मजुरी रोजच्या रोज वहींत चढेल अशी व्यवस्था करावी आणि अपघाताचा विमा उतरावा. दहा लाखांची जबाबदारी अचानक अंगावर येण्यापेक्षां विम्याचा हप्ता हलका असतो. आणि ज्यांचा धंद्याशीं कांहीं संबंध नाहीं, त्यांनाहि एक काम करतां येईल. शेजारच्या वस्तींत असा प्रसंग घडला, तर लिहितांवाचतां येणाऱ्या एखाद्यानें त्या घरीं जावें, तारीखवार हकीकत कागदावर उतरावी, आणि ती सूचना धन्याच्या हातीं पोंचती करून पोंच घ्यावी. तेवढ्या एका कागदाच्या अभावीं कित्येकांचा दावा उभाच राहत नाहीं.