गिरण्यांच्या जागेवरचें नवें शहर

यवतमाळ जिल्ह्यांतील मुलांस कापूस म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. वेचणी त्यांनीं शेतांत पाहिलेली असते, सरकी वेगळी होतांना जिनांत पाहिलेली असते, आणि बाजाराच्या दिवशीं भाव ऐकून वडिलांची मुद्रा कशी पालटते हेंहि त्यांच्या परिचयाचें असतें. परंतु गठाण गाडींत चढल्यावर पुढें कोठें जात असे, आणि ज्या ठिकाणीं ती जाई त्या ठिकाणाचें आज काय झालें आहे, याची माहिती पुष्कळांस नसते. ती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न एका दूरच्या शहराचा दिसला तरी त्याच्या मुळाशीं जमिनीच्या वांटणीचा हिशेब आहे, आणि तो शेतकऱ्याच्या घरांत सहज समजण्यासारखा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन कंपनीची लहान रुळांची गाडी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी चालूं लागली. लोक तिला "शकुंतला" म्हणत. आतां ती धावत नाहीं. पण एके काळीं वऱ्हाडचा कापूस ती मूर्तिजापुरास मोठ्या गाडीपाशीं नेऊन पोंचवी, व तेथून तो मुंबईस जाई. कांहीं गठाणी बोटींत चढून मँचेस्टरची वाट धरीत. कांहीं मुंबईंतच परळ, लालबाग, वरळी येथील गिरण्यांत उतरत. मुंबईंतील पहिली गिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिली व १८५६ सालीं ताडदेव येथें ती चालू झाली. पुढें भायखळ्यापासून दादरपर्यंत धुराड्यांचें रानच उभें राहिलें, व त्या भागास गिरणगांव हें नांव पडलें. १९८२ च्या सुमारास मुंबईंत साठाच्या आसपास गिरण्या होत्या व त्यांत अडीच लाखांपर्यंत कामगार राबत होते.

गिरणगांव ही निव्वळ कारखान्यांची वस्ती नव्हती. गिरणीच्या भिंतीला लागून चाळ, चाळीच्या तळमजल्यावर वाण्याचें दुकान, कोपऱ्यावर पिठाची गिरणी, पलीकडे तालीम व भजनी मंडळ, आणि मधल्या गल्लींत खाणावळ. कोंकणांतून व घाटावरून आलेले तरुण एकेका खोलींत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहत. भोंगा वाजला कीं एक पाळी कामावर जाई, व सुटलेली पाळी येऊन त्याच अंथरुणावर अंग टाकी. त्यांच्या पोटापाण्याची सोय खाणावळ चालविणाऱ्या बायका करीत. या बायकांस सावकाराच्या कर्जांतून सोडवावें म्हणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. घर, काम, बाजार व करमणूक हीं सर्व पायीं चालण्याच्या अंतरावर असणें यास हल्लींचे नगररचनाकार "मिश्र वापर" म्हणतात, आणि मोठमोठ्या रंगीत चित्रांतून तो जणूं नवाच शोध आहे असें दाखवितात. आमच्या मतें गिरणगांवानें तो शंभर वर्षें आचरून दाखविला होता. मात्र तेथील खोल्या कोंदट होत्या, नळाला रांग लागे, शौचकूप सामाईक असत. तेव्हां त्या दिवसांचें गोड चित्र काढण्याची आमची इच्छा नाहीं.

जुनें मोडून त्या जागीं दुकानें, कचेऱ्या व घरें यांचा एकत्र पसारा उभारण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेंत रूढ झाली. तेथें शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागास डाऊनटाऊन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुखवस्तु कुटुंबें मोटारी घेऊन शहराबाहेर राहूं लागलीं व हे मध्यभाग कळाहीन होऊं लागले. तेव्हां १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यान्वयें, जुन्या वस्त्या विकत घेऊन पाडण्याच्या कामीं येणाऱ्या तोट्याचे दोन-तृतीयांश मध्यवर्ती सरकार सोसूं लागलें. बोस्टन शहरांतील वेस्ट एंड हा भाग १९५८ च्या सुमारास असाच पाडण्यास घेतला. तेथील इटालियन व इतर गरीब कुटुंबें पांगलीं, आणि त्या जागीं जीं घरें उठलीं त्यांचें भाडें त्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. उलट न्यूयॉर्क येथें रेल्वेच्या यार्डावर मजबूत छत घालून हडसन यार्ड्स नांवाची जी वसाहत उभारली, व जी मार्च २०१९ मध्यें लोकांस खुली झाली, तिच्या जागीं पूर्वीं रूळ होते, घरें नव्हतीं. मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. गिरणीच्या आवारांत कामगार राहत नव्हता. पण त्याचें सर्व जीवन त्या आवाराच्या आधारावर उभें होतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तो वर्षाहून अधिक काळ चालला. ज्या गिरण्या आधींच डळमळीत होत्या त्या पुनः नीट उभ्या राहिल्याच नाहींत. संपानेंच गिरण्या बुडाल्या असें पुष्कळ लोक म्हणतात. आम्हांस तें अर्धसत्य वाटतें. जुनाट यंत्रें व यंत्रमागांची चढाओढ हीं कारणें संपापूर्वींचीं आहेत. शिवाय आणखी एक गोष्ट हळूहळू मालकांच्या ध्यानीं आली: कापड विणून जें मिळतें त्याहून ज्या जमिनीवर साचे उभे आहेत ती जमीन कितीतरी मोलाची आहे. मुंबईंतील गिरण्यांची एकंदर जमीन सुमारें ६०० एकर होती, आणि तीहि शहराच्या ऐन मध्यावर.

येथें एक पारिभाषिक शब्द समजून घेतला पाहिजे. एखाद्या भूखंडावर सर्व मजले मिळून जितकें क्षेत्र बांधण्याची परवानगी असते, त्याचें भूखंडाच्या क्षेत्राशीं जें प्रमाण, त्यास चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. दहा हजार चौरस फुटांच्या जागेवर निर्देशांक एक असेल तर एकंदर दहा हजार फूट बांधतां येतें, मग तें एका मजल्यावर असो कीं जागेचा चौथा हिस्सा व्यापून चार मजल्यांवर असो. निर्देशांक दोन केला कीं त्याच मातीवर वीस हजार फूट. म्हणजे सरकारनें कागदावर एक आंकडा बदलला तर जमीन तीळभर न वाढतां तिची किंमत वाढते. शेतकऱ्यास पीक वाढविण्यासाठीं पाऊस, खत, बियाणें इतक्यांची मनधरणी करावी लागते. शहरांतील जमिनीचें पीक नियमानें वाढतें.

असा नियम १९९१ सालीं झाला. विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ वा नियम तो हाच. गिरणीची जमीन दुसऱ्या कामीं लावावयाची असल्यास तिचे सुमारें तीन सारखे हिस्से करावे: एक महापालिकेस बागा व मैदानें यांसाठीं, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेस घरांसाठीं, व एक मालकास, असा त्याचा आशय होता. क्षेत्र लहानमोठें असेल त्याप्रमाणें हिश्श्यांत थोडा फरक होई. पुढें १९९६ सालीं प्रसिद्ध वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमली गेली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जागा एकत्र धरून त्यांतून मैदानें, रस्ते व घरें कशीं काढतां येतील याचा आराखडा तिनें दिला. तो अमलांत आला नाहीं.

२००१ सालीं नियम बदलला. वांटणी आतां सर्व जमिनीची नव्हे, तर केवळ मोकळ्या जमिनीची करावयाची, असें ठरलें. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. म्हणून समजुतीसाठीं एक हिशेब मांडतों. तीस एकरांची गिरणी आहे असें समजा. त्यांतील चोवीस एकरांवर इमारती व सहा एकर मोकळे. पहिल्या नियमानें शहरास दहा, घरांस दहा व मालकास दहा एकर मिळाले असते. दुसऱ्या नियमानें फक्त सहा एकरांचीच वांटणी होते: शहरास दोन, घरांस दोन, आणि मालकाकडे सव्वीस. तिघां भावांच्या वांटणींत वडिलार्जित शेतापैकीं फक्त बांध तेवढे वांटावे, तसाच हा प्रकार. जुन्या गिरण्यांच्या आवारांत मोकळी जागा थोडकीच असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या एका शब्दाचें मोल कळून येईल.

यावर बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयांत गेली. इमारती पाडल्यावर जी जागा मोकळी होते तीहि मोकळी जमीनच होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २००५ मध्यें दिला. मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला व २००१ चा नियम कायम झाला. दरम्यान २००५ सालीं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें पांच गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या. त्यांपैकीं मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारें सतरा एकर जागा डी. एल. एफ. कंपनीनें ७०२ कोटी रुपयांस घेतली, व २०१२ सालीं तीच जागा लोढा कंपनीस सुमारें २,७०० कोटींस विकली. सात वर्षांत जवळजवळ चौपट!

अशा रीतीनें जें नवें शहर उभें राहिलें तें पाहणाऱ्याचे डोळे दिपतात यांत संशय नाहीं. फिनिक्स मिलच्या जागीं बाजार, उपाहारगृहें व हॉटेल झालें. ज्युपिटर व एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जागीं कांचेच्या कचेऱ्या उठल्या. इतरत्र पन्नास-साठ मजली मनोरे चढले. हजारों तरुणांस तेथें काम मिळालें, व त्यांत आमच्या विदर्भांतून गेलेलेहि आहेत. परंतु प्रत्येक मालकानें आपापल्या कुंपणापुरता विचार केल्यामुळें कुंपणाबाहेरचें शहर होतें तसेंच राहिलें. रस्ते तेच, गटारें तीं, आणि स्टेशनांवरील पूलहि गिरणीकामगारांच्या काळचेच. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं कचेरीच्या वेळीं एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या अरुंद पुलावर, पावसामुळें थबकलेल्या गर्दींत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मृत्यु पावलीं. आतां त्या स्टेशनास प्रभादेवी म्हणतात. कामावर निघालेलीं तीं साधीं माणसें होतीं.

कामगारांच्या वांट्याचें काय झालें? म्हाडास मिळालेल्या जमिनीवर त्यांच्यासाठीं घरें बांधण्यांत आलीं, व जून २०१२ मध्यें ६,९२५ घरांची सोडत निघाली. नंतरहि सोडती झाल्या. पण कामगार व त्यांचे वारस मिळून अर्ज दीड लाखांहून अधिक! राहिलेल्यांस वांगणी व शेलू येथें घरें देण्याची योजना पुढें आली. हीं गांवें मुंबईच्या मध्यापासून लोकल गाडीनें दीड तासाहून अधिक अंतरावर आहेत. जुलै २०२५ मध्यें कामगार व वारस आझाद मैदानावर जमले. घर मुंबईंतच द्या, ही त्यांची मागणी होती. त्यांचें म्हणणें आम्हांस रास्त वाटतें. खाणावळवाल्या बायकांचा तर कोणत्याच नियमांत उल्लेख नव्हता, कारण त्यांचें नांव गिरणीच्या हजेरीपटावर कधींच नव्हतें.

याच भागांत दुसरें एक काम निराळ्या रीतीनें चाललें आहे, आणि तेंहि सांगितलें नाहीं तर अन्याय होईल. १९२० च्या दशकांत मुंबई सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या, त्यांस बी. डी. डी. चाळी म्हणतात. एकेक खोली १६० चौरस फुटांची. जमीन सरकारची असल्यानें येथें मालकाशीं वांटणीचा प्रश्न उद्भवत नाहीं. राहणाऱ्या कुटुंबास त्याच ठिकाणीं ५०० चौरस फुटांचें घर विनामूल्य द्यावयाचें, व उरलेल्या जागेंत बांधलेलीं घरें आणि दुकानें बाजारभावानें विकून खर्च भागवावयाचा, अशी ही योजना आहे. काम म्हाडाकडे आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळी येथील ५५६ कुटुंबांस चाळीस मजली इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्यामुळें त्यांचा प्रश्न मागें पडला. चाळिसाव्या मजल्यावर उद्वाहक, पाणी व देखभाल यांचा महिन्याचा खर्च चाळींतल्या माणसास कितपत पेलेल, ही शंका आहेच. तथापि ज्यांची वस्ती त्यांनाच तेथें प्रथम घर, एवढी गोष्ट या योजनेनें साधली.

मुंबई दूर वाटत असेल त्यांनीं नागपूर पाहावें. जमशेटजी टाटा यांनीं १८७७ सालीं तेथें चालू केलेली एम्प्रेस मिल २००२ सालीं बंद झाली, व आज त्या जागेवर मोठें व्यापारसंकुल आहे. आणि जे विद्यार्थी सुटींत धामणगांवाहून गाडी धरून मुंबईस जातील त्यांनीं लोअर परळ येथें उतरून फिनिक्सच्या आवारांत जावें. तेथें जुन्या गिरणीचें धुराडें अजून राखून ठेविलें आहे. तेथून ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळी जवळच आहेत. त्या मात्र लवकर पाहून घ्याव्या, कारण पाडकाम चालू आहे.