माकडे पुष्कळ, मग चिंता कशाची?
तापीकाठी पुसली जाणारी एक सीमारेषा

नरडाणा (जि. धुळे) : मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघालेला प्रवासी सोनगीर, नरडाणा मागे टाकून सावळद्याच्या पुलावर येतो. खाली तापीचे पात्र असते. पूल संपेपर्यंत दोन-चार मिनिटेही जात नाहीत. प्राणिशास्त्राच्या नकाशावर मात्र ही नदी साधी नाही. भारतातील लाल तोंडाच्या माकडांच्या दोन जातींमधील सीमा पश्चिमेकडे तापी आणि पूर्वेकडे गोदावरी, असे दीर्घकाळ मानले जात असे. उत्तरेकडचे ते ऱ्हिसस माकड आणि दक्षिणेकडचे ते 'टोपी माकड'. ही सीमा आता पुसट होत चालली असून, त्यात नुकसान होत आहे ते टोपी माकडाचे.

चिंपांझी किंवा गोरिलाच्या संरक्षणाविषयी वृत्तपत्रांतून अनेकदा वाचायला मिळते. चिंपांझींच्या अभ्यासाला १९६० मध्ये टांझानियातील गोम्बे येथे प्रारंभ करणाऱ्या जेन गुडाल यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये निधन झाले, तेव्हा मराठी वाचकही हळहळला. पण माणूस, चिंपांझी आणि माकड हे सारे एकाच 'प्रायमेट' गणातील. जगातील या गणाच्या सुमारे ६० टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत, असा इशारा शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दिला. त्या धोक्यातील एक जात आपल्या गावकुसाजवळ राहते, याची जाणीव फार थोड्यांना आहे.

टोपी माकड दक्षिण भारताच्या द्वीपकल्पाबाहेर नैसर्गिकरीत्या कोठेही आढळत नाही. म्हणजे येथून ते संपले, तर जगातूनच संपले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद पूर्वी 'किमान चिंता' या वर्गात होती. आता ती 'असुरक्षित' या वर्गात आहे.

एका बंदीचा इतिहास

या प्रश्नाची एक बाजू ऱ्हिसस माकडाच्या इतिहासात आहे. पोलिओची लस तयार करण्यासाठी माकडांच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. त्यामुळे १९५० च्या दशकात भारतातून वर्षाला लाखाहून अधिक ऱ्हिसस माकडे परदेशी, मुख्यतः अमेरिकेला, पाठविली गेली. १९५९-६० मध्ये उत्तर प्रदेशात झालेल्या पाहणीत या माकडांची संख्या झपाट्याने घटल्याचे दिसून आले. केवळ वैद्यकीय उपयोगासाठी दिलेली माकडे अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली जात असल्याचे पुढे उघड झाले. तेव्हा मोरारजी देसाई यांच्या सरकारने निर्यातबंदीचा निर्णय घेतला. १ एप्रिल १९७८ पासून ती बंदी लागू झाली.

बंदीनंतर ऱ्हिसस माकडे सावरली, हे संवर्धनाचे यशच होय. मात्र जंगल आक्रसत गेल्याने ती शहरांत, देवळांत, रेल्वे स्थानकांवर वसली. त्यांचा उपद्रव वाढल्यावर पकडून 'दूर कोठेतरी' सोडण्याची पद्धत रूढ झाली. नदी ही माकडासाठी अडथळा असते; पिंजरा घेऊन जाणाऱ्या वाहनासाठी नसते.

सीमा सरकते कशी?

या सीमेचा फेरविचार करणारा फुडेन, महाबळ आणि साहा यांचा लेख १९८१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. त्यानंतर तीस वर्षांनी, २०११ मध्ये, सिंधू राधाकृष्ण, अनिंद्य सिन्हा आणि सहकाऱ्यांनी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऱ्हिसस माकडे दक्षिणेकडे सरकत असून, टोपी माकडांच्या पूर्वापार प्रदेशातील काही भाग त्यांनी व्यापला आहे, असे त्यांना आढळले. ऱ्हिसस अंगाने थोराड आणि अधिक आक्रमक असते. काही ठिकाणी दोन्ही जातींचे मिश्र कळपही दिसतात.

दुसरे कारण महामार्गांचे आहे. टोपी माकडांचे कितीतरी कळप रस्त्याकडेच्या वड, पिंपळ, उंबरांच्या आधाराने जगत आले. रुंदीकरणात ती झाडे गेली. दक्षिण भारतातील काही भागांत या माकडांची संख्या २५ वर्षांत ६५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. उरलेली माकडे ढाब्यांवरच्या उष्ट्यावर आणि प्रवाशांनी फेकलेल्या बिस्किटांवर जगतात, आणि वाहनांखाली येतात.

ओळख आणि कायदा

दोन्ही माकडांतील फरक ओळखणे अवघड नाही. टोपी माकडाच्या डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे गोलाकार पसरलेले असतात आणि शेपटी शरीराहून लांब असते. ऱ्हिससची शेपटी आखूड, शरीराच्या साधारण निम्मी, आणि कमरेखालचा भाग तांबूस नारिंगी असतो. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. ते वेगळ्या कुळीचे असून त्याचा या सीमावादाशी संबंध नाही.

ही ओळख आता कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ऱ्हिसस माकड संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीतून वगळले गेले. टोपी माकडाला मात्र पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, स्थान मिळाले. त्याची शिकार केल्यास किमान तीन वर्षे कारावास आणि २५ हजार रुपयांपासून पुढे दंड होऊ शकतो. माकडांचे खेळ करण्यावर तर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती २००१ मध्ये कायम ठेवली असून, त्यात जातीचा भेद नाही.

पिकांचे नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. हरभऱ्याचे शेत एका सकाळी उद्ध्वस्त झालेल्याला अनुसूची वाचून दाखवणे हा उपाय नव्हे. पण उपद्रवी कळप परस्पर पकडून नदीपलीकडे किंवा परजिल्ह्यात सोडणे, हाही उपाय नाही. त्याने एका गावाचे संकट दुसऱ्या गावाकडे जाते आणि टोपी माकडाच्या प्रदेशात ऱ्हिससचा शिरकाव होतो. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविणे आणि पकडण्याचे काम त्यांच्यावरच सोपविणे इष्ट. प्रवाशांच्या हाती त्याहून सोपी गोष्ट आहे. महामार्गावर गाडी थांबवून माकडांना खाऊ न घालणे.

सावळद्याचा पूल माणसांनी दोन काठ जोडण्यासाठी बांधला. त्यावरून कोणते माकड कोणत्या काठाला न्यायचे, हे ठरविण्याआधी ते माकड कोणते, एवढे तरी पाहिले पाहिजे.