रात्र निवत नाही तेव्हा

मे महिन्याचा तिसरा आठवडा. हिंगणघाटसारख्या वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी दिवस मावळून तास झाला आहे. गल्लीत पोरं पुन्हा बाहेर पडली आहेत, बाहेरचा वारा जरा निवला आहे. पण एकमजली स्लॅबच्या घरात शिरावं तर आतली खोली दुपारपेक्षा जास्त तापलेली. भिंतीला पाठ टेकवली तर भिंत गरम, गादी गरम, छतावरच्या टाकीतून येणारं नळाचं पाणी तर हात मागे घ्यायला लावणारं. पाच वर्षांची थोरली फरशीवर पाणी शिंपडून त्यावरच आडवी झाली आहे. चार महिन्यांचा धाकटा पाळण्यात कुरकुरतो आहे. आजी पदराने त्याला वारा घालते आहे.

विदर्भातल्या हजारो घरांत उन्हाळ्याची संध्याकाळ अशी असते. उन्हापासून लेकरांना जपायचं म्हणजे अकरा ते पाच घरात ठेवायचं, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. शाळासुद्धा इथे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. मात्र घरात ठेवलेलं मूल उष्णतेपासून सुटतंच असं नाही. दुपारचं ऊन दाराबाहेर थांबतं, आणि तीच उष्णता छतातून रात्री घरात उतरते.

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो. चार-पाच इंचांच्या त्या थरातून उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणून बाहेरचा पारा दुपारी तीन-चारला शिखरावर असतो, तर खोलीतलं छत सर्वाधिक तापतं ते संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास. मग ते रात्री उशिरापर्यंत खालच्या माणसांवर उष्णता सोडत राहतं. कवेलूच्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी होती. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची आणि मातीच्या जाड भिंती दुपार थोपवून धरायच्या. पक्कं घर पावसाळ्यात सुखाचं झालं. त्याची किंमत मे महिन्यात मोजावी लागते.

हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक वर गेलं, की उष्णतेची लाट मानतात. पारा ४५ ला पोचला तर सरासरी बघायचीही गरज उरत नाही. याच विभागाची ‘उष्ण रात्र’ अशीही एक संज्ञा आहे : दिवसाचं तापमान ४० च्या वर असताना रात्रीचं किमान तापमानही सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर राहणं. बातम्यांत पहिल्या आकड्याची चर्चा होते. लेकुरवाळ्या घराने मात्र दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं. कारण शरीर दिवसभराचा ताण उतरवतं ते रात्री. ती संधी लागोपाठ दोन-तीन रात्री हुकली, की चौथ्या दिवशी तेवढंच ऊन जास्त महागात पडतं.

लहान मुलांना हे मोठ्यांआधी जाणवतं, त्यामागे साधं गणित आहे. साठ किलोच्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर असतं. सहा किलोच्या बाळाचं सुमारे ०.३ चौरस मीटर. म्हणजे दर किलो वजनामागे बाळाची त्वचा जवळजवळ दुप्पट. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा गार असेल तोवर ही जास्तीची त्वचा फायद्याची. बाळ लवकर गार होतं. हवा त्याहून गरम झाली की उष्णता उलट आत शिरू लागते आणि तीच त्वचा तोट्याची ठरते. मग सुटकेचा एकच मार्ग उरतो, घाम. मुलांच्या घर्मग्रंथी मोठ्यांच्या मानाने कमी घाम देतात. त्यात चार महिन्यांच्या बाळाला कूस बदलून गार फरशीवर जाता येत नाही, दुपटं काढता येत नाही, तहान लागली हे सांगता येत नाही.

त्या दिवशी आजीचं म्हणणं नेमकं तहानेचंच होतं. ‘‘लेकराच्या घशाले कोरड पडली असन, दोन चमचे पाणी पाज न त्याले.’’ सून गप्प. दवाखान्यात आणि आशाताईंनी सांगितलेलं तिला आठवत होतं, पण बाहेर ४५ अंश असताना ते खरं कसं वाटणार? ते खरं आहे. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंतच्या, फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाला कडक उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चमचाभर पाण्याने दोन तोटे होतात. तेवढंच दूध कमी प्यायलं जातं, आणि पाणी किंवा वाटी-चमचा स्वच्छ नसेल तर जुलाबाला वाट मिळते. उन्हाळ्यात बाळ थोड्या थोड्या वेळाने अंगावर पितं, ते तहान भागवण्यासाठीच. पाणी प्यायचं आहे ते आईने. सासूबाईंची काळजी खोटी नव्हती, फक्त तांब्या सुनेच्या हाती द्यायला हवा होता. बाळाला पुरेसं मिळतंय की नाही हे दुपट्यांवरून कळतं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी, तीही फिकट रंगाची, म्हणजे ठीक.

आता कूलर. विदर्भात त्याला घरातला एक माणूस म्हणावं इतका मान आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तो माळ्यावरून उतरतो, वाळ्याच्या किंवा गवताच्या नव्या ताट्या बसतात आणि त्या ओल्या वासाने उन्हाळा सुरू होतो. माठाचं आणि कूलरचं शास्त्र एकच. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेऊन जातं, एका लिटरला सुमारे ५८० किलोकॅलरी. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देऊ शकतो. इतक्या कमी विजेत एवढं काम करणारं दुसरं यंत्र घरात नसेल.

त्याचं काम नीट चालावं यासाठी दोन गोष्टी लागतात. कूलरला बाहेरची कोरडी हवा हवी, म्हणजे तो खिडकीत असावा. आणि आतली ओली हवा बाहेर जायला समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. गारवा पळून जाईल म्हणून दार लावून घेणारी घरं बरीच आहेत. तासाभरात त्या खोलीतली हवा इतकी दमट होते की अंगावरचा घाम सुकेनासा होतो आणि लेकरांच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या उठतात. मग त्यावर पावडरचा थर, ज्याने उपयोग होत नाहीच, उलट अडचण वाढते. घामोळ्यांना हवा आणि कोरडं सुती कापड, एवढंच पुरतं. नुसत्या पंख्याचीही मर्यादा लक्षात असावी : खोली ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंखा लावला तर गोष्ट वेगळी.

कूलरच्या आणखी दोन बाजू आहेत आणि त्या दोन्ही लेकरांशी निगडित. लोखंडी पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पोर, याहून धोकादायक जुळणी घरात क्वचितच असेल. कूलरचा शॉक लागून मूल दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. पाणी भरताना बटण नुसतं बंद करणं पुरत नाही, पिन काढून ठेवावी. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावं. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवता आला तर तो खर्च वायफळ नाही.

दुसरी बाजू डासांची. डेंग्यूचा डास कूलरच्या टाकीत आनंदाने राहतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायला सांगतात. नुसती रिकामी करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत पत्र्याला चिकटलेली असतात, ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात. टाकीच्या कडा घासायलाच हव्यात.

त्या संध्याकाळी थोरलीचं काहीतरी बिनसलं होतं. दुपारभर ती गच्चीच्या जिन्यात खेळली होती, गोळेवाल्याकडचा लाल गोळा खाल्ला होता. आता ती जेवायला नको म्हणत होती, डोकं दुखतं म्हणत होती, मग एकदा उलटी झाली. आजीला वाटलं दृष्ट लागली. आईने विचारलं, ‘‘बाई, सू कधी केलीस?’’ उत्तर आलं, सकाळी. आई उठून उभी राहिली, कारण तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. सतरा किलोच्या मुलीच्या अंगातलं जेमतेम पाऊण-एक लिटर पाणी गेलं, तर ती वजनाच्या पाच टक्क्यांची घट असते. मोठ्या माणसाला एवढ्याने नुसती तहान लागेल. मूल कोमेजून जातं. कोरडी जीभ, खोल गेलेले डोळे, अश्रूंविना रडणं, आणि सात-आठ तास लघवी नाही, या खुणा कळायला थर्मामीटर लागत नाही.

घरात ओआरएसचं पाकीट होतं. १९७१ च्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराच्या साथीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो जीव वाचवले, त्याचंच हे सुधारलेलं रूप. आतड्यात साखर आणि सोडियम ठरावीक प्रमाणात एकत्र आले की ते पाणी आत ओढून घेतात. प्रमाण हाच औषधाचा प्राण. म्हणून मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पेलाभर पाण्यात आणि अर्धं उद्यासाठी, असं नाही. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यावं. दुकानात मिळणारी गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. साखर जास्त झाली की पाणी उलट आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली, ती याचसाठी. पन्हं, ताक, आंबील ही निरोगी मुलाची रोजची पेयं म्हणून उत्तमच. कोमेजलेल्या मुलाला मात्र पाकीट.

आईने चमच्याने पाजलं, मिनिटा-दोन मिनिटाला एक चमचा. पुन्हा उलटी झाली तेव्हा दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं. अंग ओल्या पंचाने पुसलं, कूलरसमोरचं मागचं दार उघडलं. रात्री अकराच्या सुमारास थोरली ‘‘सू आली’’ म्हणाली, आणि आजीने देवाला हात जोडले.

तिचं अंग भट्टीसारखं तापून ती असंबद्ध बोलू लागली असती, झटके आले असते किंवा हाक मारूनही डोळे उघडले नसते, तर तो उष्माघात होता आणि चमच्याने पाजायची वेळ निघून गेली असती. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात काही घालायचं नाही. १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे काढून अंगावर साधं पाणी ओतत जोरात वारा घालणं. तापाचं औषध इथे कामाला येत नाही. तापात मेंदूतली तापमानाची खूणच वर सरकलेली असते, ती औषधाने खाली येते; उष्माघातात खूण जागेवरच असते, शरीराचा गारवा करण्याचा बंदोबस्त कोलमडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या बाबांनी पोतंभर चुना आणला आणि संध्याकाळी गच्चीवर दोन हात मारले. पांढरं छत ऊन परत फेकतं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी राज्याचं धोरणच केलं. नळाला पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावात रोज गच्ची भिजवणं परवडत नाही, चुना एकदा मारला की पावसापर्यंत टिकतो. रात्री सगळे वरच झोपले. आभाळ निरभ्र होतं, तशा रात्री गच्ची लवकर निवते. ढगाळ रात्री ती निवत नाही.

जूनच्या मध्याला ढग येतील तेव्हा पारा ३६ वर उतरलेला असेल आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर गेलेली. त्या हवेत हाच कूलर जेमतेम ३१ अंशांपर्यंत पोचेल आणि खोलीतली ओल वाढवेल. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा, खिडक्या उघड्या टाकायच्या, आणि दुपटी मोजणं चालू ठेवायचं.