मृत्युपत्राचे साक्षीदार : सही कोणासमोर, केव्हा?



आंबा घाट उतरला की साखरपा लागतो, म्हणजे संगमेश्वर तालुका. घाटावर ऊस आणि खाली कलमांची बाग, अशी दोन्हीकडे जमीन आणि मुले मुंबईला, अशा घरात मृत्युपत्राचा विषय निघाला की पहिली धावपळ होते ती बॉण्ड पेपरसाठी. त्याची मुळीच गरज नाही. साधा कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. केलेली बरी, एवढेच. खरी मेख आहे साक्षीदारांत.

भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. निदान दोघा साक्षीदारांपैकी प्रत्येकाने तो करताना पाहिलेले हवे, नाहीतर ‘ही सही माझीच’ असे करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेले हवे. मग साक्षीदाराने करणाऱ्याच्या समक्ष आपली सही करायची. दोघे एकाच वेळी हजर हवेत असे नाही. मजकूर वाचलाच पाहिजे असेही नाही. पण आपल्याकडे होते काय, की आबांचा अंगठा आज घेतला आणि साक्षीदारांच्या सह्या आठ दिवसांनी पारावर! असल्या कागदाचा भरवसा कोणी धरू नये.

तंटा कोर्टात गेला की साक्षीदारांपैकी एकाला तरी जबानीला उभे करावे लागते. महाराष्ट्रातल्याच एका दाव्यात एक साक्षीदार उभा राहिला, पण दुसऱ्यानेही रीतसर सही केली हे त्याच्या जबानीतून आले नाही. दुसरा हयात असूनही बोलावला नव्हता. कागद लिहिणाऱ्याच्या जबानीनेही ती उणीव भरून निघाली नाही. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मृत्युपत्र शाबीत धरले नाही.

म्हणून आमचे सांगणे, साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, गावातच सापडणारे घ्या. करणारा आजारी असेल तर डॉक्टर असलेला उत्तम. ज्याला जमीन मिळायची त्याला साक्षीला घेऊ नका, कागद करवण्यातही पुढे करू नका. लाभ घेणाराच पुढाकार घेत असेल तर संशय फेडण्याचा भार त्याच्यावर, असे न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, जे मूळ साताऱ्याचे, १९५८ सालीच लिहून ठेवले आहे.

आणि हो, शेअर्सच्या नामनिर्देशनाचा फॉर्म भरला म्हणजे मृत्युपत्र झाले, असे काहीजण धरून चालतात. तसे नाही. संस्था शेअर नामनिर्देशित माणसाच्या नावे करते, पण वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. शेअर कोणाला द्यायचे हेही मृत्युपत्रात वेगळे लिहा.