श्वास थांबला, पण कशाने? : श्वासावरोधाचे मृत्यू आणि न्यायवैद्यकाची साक्ष

शरीरातील पेशींना प्राणवायू मिळेनासा झाला, की मेंदूचे कार्य काही सेकंदांत विस्कळीत होते आणि काही मिनिटांत ते पुन्हा सुरू न होण्याइतके बंद पडते. या मार्गाने आलेल्या मृत्यूला न्यायवैद्यकशास्त्रात श्वासावरोधाचा मृत्यू म्हणतात. गळफास, दोरीने गळा आवळणे, हाताने गळा दाबणे, नाक-तोंड दाबून धरणे, पाण्यात बुडणे, छातीवर असह्य भार पडणे, विषारी वायूने भरलेल्या जागेत सापडणे हे सारे मार्ग शरीराच्या दृष्टीने एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांतील एक बहुधा आत्महत्या असतो, दुसरा अपघात आणि तिसरा खून, आणि त्या फरकावर कोणाची तरी जन्मठेप किंवा निर्दोष सुटका अवलंबून असते. त्यामुळे शवविच्छेदन अहवालातील ‘श्वासावरोधाने मृत्यू’ हे दोन शब्द एकटे असतील, तर तो अभिप्राय अर्धवटच समजला पाहिजे.

उदाहरण म्हणून बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूर घेऊ; हे पोलीस ठाण्याचे गाव आहे. अशा ठाण्यात घरातील आढ्याला लटकलेला किंवा शेतातील विहिरीत सापडलेला मृतदेह प्रथम ‘मर्ग’ म्हणून नोंदवला जातो. संशयास्पद किंवा आकस्मिक मृत्यूच्या नोंदीला विदर्भात हाच शब्द रूढ आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होणारी ही चौकशी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. मरणोत्तर पंचनामा होतो, मृतदेह शवविच्छेदनासाठी जवळच्या शासकीय रुग्णालयात जातो, राखून ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे अंतर्गत अवयवांचे नमुने, रासायनिक विश्लेषणासाठी पाठवला जातो, आणि पुढे गुन्हा दाखल झालाच तर प्रकरण सत्र न्यायालयात आणि अपिलात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येते. या सगळ्या प्रवासात मृतदेह प्रत्यक्ष पाहणारा तज्ज्ञ साक्षीदार बहुधा एकच असतो, तो म्हणजे शवविच्छेदन करणारा वैद्यकीय अधिकारी. आणि ग्रामीण भागात तो न्यायवैद्यकातील पदव्युत्तर तज्ज्ञ असेलच असे नाही.

श्वासावरोधाची जी सर्वसाधारण लक्षणे पाठ्यपुस्तकांत दिलेली असतात, म्हणजे ओठ-नखांचा निळसरपणा, चेहऱ्यावर आणि अवयवांत रक्त साकळणे, रक्त पातळ राहणे, हृदयाची उजवी बाजू फुगणे, फुप्फुसांच्या आवरणावर व डोळ्यांच्या पापण्यांच्या आत दिसणारे टाचणीच्या टोकाएवढे रक्तठिपके, ती कारण ओळखण्यास फारशी उपयोगी नाहीत. फुप्फुसांवरील हे ठिपके एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच न्यायवैद्यकतज्ज्ञ ऑगस्त आंब्रवाझ तार्दिय यांच्या नावाने आजही ओळखले जातात आणि गुदमरून झालेल्या मृत्यूची ती खूण होय असे त्यांना वाटत होते. परंतु हृदयविकाराच्या झटक्यात, आकडीत आणि कित्येक आजारांतही ते आढळतात, हे पुढे स्पष्ट झाले. सर्वसाधारण लक्षणांवरून फार तर संशय घेता येतो. कारण ठरवण्यासाठी बळ कोठे लागले त्याची स्थानिक खूण शोधावी लागते.

हा भेद किती निर्णायक ठरतो, ते मराठवाड्यातील एका प्रकरणातून दिसते. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने कायद्याच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या या खटल्यात नोव्हेंबर 1996 मध्ये एका विवाहितेचा सासरी मृत्यू झाला आणि तिच्या माहेरी निरोप गेला तो साप चावल्याचा. मराठवाडा-विदर्भाच्या खेड्यांत हे कारण कोणालाही अविश्वसनीय वाटणार नाही. शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही ते वरवर पटण्याजोगे आहे. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते, श्वासाचे स्नायू लुळे पडतात, आणि असा रोगीसुद्धा अखेर श्वासावरोधानेच मरतो. मण्यारीच्या दंशाची खूण तर कित्येकदा शोधूनही सापडत नाही. म्हणजे निळसर ओठ आणि साकळलेले रक्त एवढेच पाहून लिहिलेला अहवाल साप आणि माणूस यांच्यात फरक करू शकला नसता. येथे शवविच्छेदनात मृत्यूचे कारण ‘गळा दाबला गेल्याने श्वासावरोध’ असे निघाले, सर्पदंशाची कथा टिकली नाही, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले.

गळ्यावरील दाबाचे शास्त्र समजण्यासाठी मानेची रचना ध्यानात घ्यावी लागते. मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या नीला त्वचेच्या जवळ असतात आणि त्या सुमारे 2 किलो भाराने मिटतात. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या पुढच्या रोहिण्यांना 4 ते 5 किलो लागतात, श्वासनलिका दबण्यास सुमारे 15 किलो, आणि मणक्यांतून वर जाणाऱ्या मागच्या रोहिण्या त्याहूनही अधिक भार सोसतात. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते: गळा आवळला गेलेला माणूस केवळ हवा न मिळाल्याने मरतो असे नाही, त्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी झालेल्या हल्ल्यात त्यांचा गळा कुत्र्याच्या साखळीने आवळला गेला. श्वास परत आला, प्राण वाचले, पण मेंदूची झालेली हानी भरून निघाली नाही, आणि 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या.

याच रचनेमुळे चेहऱ्यावरही फरक उमटतो. गळफासात शरीराचा भार सलग राहतो, रक्त नेणाऱ्या व आणणाऱ्या दोन्ही वाहिन्या एकदम बंद होऊ शकतात आणि चेहरा अनेकदा फिकट राहतो. गळा आवळताना मात्र व्यक्ती धडपडते, दाब कमी-जास्त होतो, डोक्याकडे रक्त जात राहते पण परतत नाही, म्हणून चेहरा काळवंडतो, सुजतो आणि डोळ्यांत रक्तठिपके दाटतात. गळफासाचा वळ सहसा मानेच्या वरच्या भागात, हनुवटी व स्वरयंत्र यांच्या मधे, तिरपा वर चढत जाणारा आणि गाठीच्या बाजूला तुटक असतो. दोरीने गळा आवळल्याचा वळ बहुधा खाली, आडवा आणि मानेभोवती पूर्ण फिरलेला असतो. लटकलेल्या व्यक्तीच्या ओठाच्या कोपऱ्यातून गाठीच्या विरुद्ध बाजूला ओघळलेली लाळ ही फास लागताना ती जिवंत असल्याची मोठी खूण मानली जाते, कारण लाळग्रंथींवरील दाबाने लाळ सुटण्यासाठी त्या ग्रंथी जिवंत असाव्या लागतात. खून करून मृतदेह टांगला गेला असेल, तर ही लाळ सापडत नाही आणि कधी कधी वळ दोन असतात, एक आडवा आणि एक तिरपा. हाताने गळा दाबला असेल, तर वळाऐवजी बोटांचे गोलसर डाग आणि नखांचे चंद्रकोरीसारखे ओरखडे दिसतात.

पाय जमिनीला टेकलेल्या अवस्थेत मृतदेह सापडला म्हणजे खूनच, असा जो समज गावोगाव आढळतो, त्याला मात्र शास्त्राचा आधार नाही. शरीराच्या थोड्या भारानेही मानेतील रोहिण्या मिटतात, हे वरचे आकडेच त्याचे उत्तर देतात, आणि या समजापायी निरपराध माणसांवर संशयाचे वर्ष-वर्ष ओझे पडते, हेही विसरता येत नाही.

त्वचेवरील वळ ही अर्धीच गोष्ट होय. खरा पुरावा त्वचेखाली असतो. जिवंतपणी बळ लागले तर स्नायूंत रक्त उतरते, आणि ते नेमके कोठे व किती उतरले हे पाहण्यासाठी मान थराथराने उलगडावी लागते. त्यापूर्वी कवटी आणि छाती उघडून मानेतील रक्त वाहून जाऊ द्यायचे असते. हा क्रम पाळला नाही, तर छेद घेताना फुटलेल्या वाहिन्यांतील रक्त अन्ननलिकेमागे साचते आणि गळा दाबल्यासारखा भास निर्माण होतो. प्रिन्स्लू आणि गॉर्डन या दक्षिण आफ्रिकी संशोधकांनी 1951 मध्ये ही फसगत दाखवून दिली. म्हणजे घाईने केलेले शवविच्छेदन पुरावा केवळ हरवत नाही, ते खोटा पुरावा तयारही करू शकते.

न्यायालयांत सर्वाधिक वाद होतो तो जिभेच्या मुळाशी असलेल्या घोड्याच्या नालासारख्या कंठिका या हाडावरून. हाताने गळा दाबल्यास त्याची टोके आतल्या बाजूला मोडतात, गळफासात मोडलीच तर बहुधा बाहेरच्या बाजूला. परंतु तरुण वयात हे हाड लवचिक असते आणि त्याचे भाग साधारणपणे चाळिशीच्या सुमारास व त्यानंतर एकसंध होतात, म्हणून विशी-पंचविशीतील विवाहितेची कंठिका शाबूत आहे यावरून गळा दाबला गेला नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. ‘हाड मोडलेले नाही, हे खरे ना?’ या उलटतपासणीतील प्रश्नाला नुसते ‘होय’ म्हणून थांबणारा डॉक्टर खोटे बोलत नसतो, पण न्यायाधीशांपुढे अपुरे चित्र ठेवून जातो.

विहिरीतील मृत्यू आणखी गुंतागुंतीचे असतात. जिवंत माणूस बुडताना पाणी, हवा आणि श्वसनमार्गातील स्राव यांची घुसळण होऊन नाका-तोंडाशी बारीक, पांढरा, पुसला तरी पुन्हा येणारा फेस जमतो. फुप्फुसे फुगून जड होतात. मुठीत शेवाळ किंवा गाळ घट्ट पकडलेला सापडला, तर पाण्यात पडताना प्राण होता याची ती भक्कम खूण ठरते. हातापायांची सुरकुतलेली पांढरी त्वचा मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण ती मृतदेहावरही येते. पाण्यातील सिलिकेचे कवच असलेल्या डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची चाचणी येथे मदतीला येते: हृदय धडधडत असेल तरच फुप्फुसांतून रक्तात शिरलेले डायटम हाडाच्या मगजापर्यंत पोहोचतात, आणि मगज तीव्र आम्लात विरघळवून उरलेली कवचे त्याच विहिरीच्या पाण्याच्या नमुन्याशी ताडून पाहतात. विहिरीच्या पाण्याचा नमुना पोलिसांनी घेतलाच नसेल, तर ही चाचणी निम्मी निरर्थक होते.

पाणी हे खून लपवण्याचे जुने साधन आहे. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळातील दहा खुनांत गळा आवळणे हीच मुख्य पद्धत होती. पहिल्या तरुणाचा मृतदेह पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात सोडला गेला आणि शेवटच्या तरुणाचा शिडीला बांधून नदीत. नदीतील तो देह वर आला आणि तेथून तपास आरोपींपर्यंत पोहोचला. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

या सर्वांत सर्वाधिक अवघड प्रकार म्हणजे मऊ वस्तूने नाक-तोंड दाबून केलेला खून. एडिंबरात 1828 साली बर्क आणि हेअर यांनी बहुतांशी असेच नाक-तोंड दाबून सोळा जणांचे जीव घेऊन त्यांचे देह शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाला विकले, आणि एवढे देह टेबलावर येऊनही विच्छेदनातून खून उघड झाले नाहीत. ओठांच्या आतील बाजूला दातांच्या दाबाने झालेल्या बारीक जखमा ही एवढीच खूण अशा वेळी मिळण्याची शक्यता असते. अर्भके, वृद्ध आणि बेशुद्ध व्यक्ती यांच्यात तीही मिळत नाही. तेथे प्रामाणिक डॉक्टरने ‘शवविच्छेदनावरून सांगता येत नाही’ असे लिहिणे हेच शास्त्र होय, आणि न्यायालयांनी त्या वाक्याला निष्काळजीपणा समजू नये.

कारण डॉक्टरांचे मत हा निकाल नसतो. पुरावा कायद्याचे जुने कलम 45, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 39, तज्ज्ञांचे मत ग्राह्य धरते. ते किती पटते हे न्यायाधीश ठरवतात. किरकन खटल्यात न्यायालयाने जुन्या कलम 106 चा आधार घेऊन म्हटले, की घराच्या चार भिंतींआड गुन्हा घडतो तेव्हा घरातील माणसांवर पटण्याजोगे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी येते. दुसऱ्या बाजूला, पुण्यातील एका नवविवाहितेच्या सायनाईडने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात, शरद बिरदीचंद सारडा प्रकरणात, 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे मांडून आरोपीला सोडले. निर्दोषत्वाशी सुसंगत अशी शक्यता शिल्लक असेल तर शिक्षा होऊ शकत नाही. या दोन निकालांच्या मधल्या जागेत वैद्यकीय साक्षीचे काम असते: गळ्याखालचे रक्त आणि हाड यांतून खून सिद्ध झाला तरच घरातील माणसांकडे स्पष्टीकरण मागता येते. तो पाया ठिसूळ असेल, तर आरोपीचे मौन त्याची जागा घेऊ शकत नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद आली आहे व राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. परंतु तिची सुरुवात गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून होते. आढ्याला लटकलेला देह किंवा विहिरीतील प्रेत ‘मर्ग’ म्हणूनच नोंदवले जाते, आणि त्या टप्प्यावर कलम 194 अशा तज्ज्ञाची सक्ती करत नाही. दोरीची गाठ न सोडता फास दुसरीकडे कापून ठेवणे, लाळेच्या ओघळाचे छायाचित्र घेणे, विहिरीचे पाणी बाटलीत भरून सीलबंद करणे ही कामे त्याच दिवशी व्हावी लागतात. आठवड्यानंतर गुन्हा दाखल होतो तेव्हा देहाला अग्नी दिलेला असतो.