भात लावणीचा पैरा : जुनी रीत, नवे नियम



पाऊस लागून राहिला, तरवा हाताशी आला की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांत घरोघरी एकच चिंता असते, ती म्हणजे लावणीला माणसे कोठून आणायची? चिखलणीचे काम पॉवर टिलरने सोपे केले. पण डोंगरउताराच्या लहान खाचरांत लावणी अजून बहुतांशी हातानेच होते. घरची तरणी मुले शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत किंवा पुण्या-मुंबईला असतात. लावणी लांबते, तरवा जून होतो, फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. या अडचणीवरचा एक उपाय आपल्या गावातच होता, तो म्हणजे पैरा.

पैरा का चालत होता?

तुम्ही माझ्या शेतात एक दिवस राबलात, मी तुमच्या शेतात एक दिवस राबून तो फेडायचा, हा पैरा. काही भागांत यालाच सावड म्हणतात. इर्जिक याहून वेगळी. तीत एका दिवसात काम उरकण्यासाठी गाव जमते आणि मालक जेवण घालतो. पैऱ्यात पैसा लागत नसे, कारण प्रत्येकाकडे जमीन होती, बैल होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज होती. बैल गेले, मजुरी रोखीने सुरू झाली, तशी ही गरज संपल्यासारखी वाटली. भात लावणीत मात्र ती संपलेली नाही.

जुन्या पैऱ्यातील उणिवाही पाहिल्या पाहिजेत. ज्याला जमीन नाही, त्याला पैऱ्यात स्थान नव्हते. लावणीचा वाकून करायचा भाग बायकांकडे, पण पैरा मात्र घरच्या पुरुषाच्या नावाने. म्हणून रीत जशीच्या तशी परत आणणे योग्य नाही, ती सुधारून घ्यावी.

गाव एकत्र बसले तर रीत बदलते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे थांबवावे, असे गावाने ठरविले. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. एवढी खोल रुजलेली रूढी बैठकीत बदलता येते, तर पैऱ्याचे नियम बदलणे अवघड नाही.

तरव्यापासून नियोजन

पैरा मोडण्याचे एक कारण शेतीचेच आहे. सर्वांनी एकाच दिवशी बी टाकले की सर्वांचा तरवा एकाच दिवशी लावणीला येतो. मग कोण कोणाकडे जाणार? समजा, पाच घरांची प्रत्येकी 20 गुंठे खाचरे आहेत. त्यांनी दोन-दोन दिवसांच्या अंतराने तरवा टाकावा. म्हणजे प्रत्येकाचे रोप 21 ते 25 दिवसांचे असतानाच त्याची पाळी येईल. ज्या खाचरात पाणी आधी साचते त्याचा क्रम पहिला ठेवावा.

माणसे एकत्र असली की चारसूत्री पद्धतही जमते. या पद्धतीत दोरीवर 15 व 25 सें.मी. आलटून-पालटून अंतर ठेवून नियंत्रित लावणी करतात. लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सें.मी. खोल रोवतात. हेक्टरी सुमारे 62,500 गोळ्या, म्हणजे जवळजवळ 170 किलो लागतात. 20 गुंठ्यांना सुमारे 12,500 गोळ्या होतात. एकट्या घराला हे काम नकोसे वाटते; दहा हातांत ते लावणीबरोबरच उरकते.

पैऱ्याचे नियम

1. रोहिणी नक्षत्रापूर्वी बैठक घेऊन क्रम ठरवावा.

2. बाईचा दिवस व गड्याचा दिवस सारखाच धरावा. जी राबेल तिच्याच नावाने वहीत नोंद करावी. एकट्या बाईच्या घरालाही पैऱ्यात बरोबरीने घ्यावे.

3. पॉवर टिलर व डिझेलचा हिशेब रोखीने, माणसांचा हिशेब दिवसांनी ठेवावा. दोन्ही एकत्र केल्यास भांडणे होतात.

4. भूमिहीन मजूर बोलावल्यास त्याला चालू दराने त्याच दिवशी मजुरी द्यावी. त्याला पैऱ्यात ओढून फुकट राबवू नये.

5. ज्याला दिवस फेडणे शक्य नाही त्याने त्या दिवसाची मजुरी द्यावी. हंगाम संपताच वहीचा हिशेब सर्वांसमोर मिटवावा.

पहिल्या वर्षी पाच-सहा घरांपेक्षा मोठा गट करू नये. शक्यतो एकाच पाणंदीवरील किंवा लागून खाचरे असलेली घरे घ्यावीत, म्हणजे जाण्यायेण्यात वेळ जात नाही. एक हंगाम हिशेब चोख राहिला, तर शेजारची घरे आपण होऊन विचारायला येतील. त्याच गटाला पुढे नाचणीची लावण आणि भाताची कापणी-मळणीही करता येईल. पैऱ्याने मजुरीचा खर्च वाचतो हे खरेच. पण लावणी वेळेवर होते, हा त्याचा मोठा फायदा आहे. तो पैशाने दरवेळी विकत मिळेलच असे नाही.