मातीचे डोहाळे

कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणेला दिवस गेल्याचे वर्णन आहे. तिचा चेहरा लोध्राच्या फुलासारखा फिकट पडला आहे. अंगात त्राण नाही म्हणून सगळे दागिनेही तिने घातलेले नाहीत. आणि एकांतात राजा दिलीपाला तिच्या मुखाला मातीचा वास येतो, कारण राणीला माती खाण्याचे डोहाळे लागले आहेत. कवीने याचे कारणही मोठे गोड दिले आहे. पोटी येणारा पुत्र साऱ्या पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून मातेला आधी पृथ्वीचीच रुची लागली!

काव्य म्हणून हे फारच सुंदर आहे. परंतु फिकट चेहरा, गळून गेलेले अंग आणि माती खाण्याची इच्छा ही तीन लक्षणे आजच्या एखाद्या डॉक्टरीणबाईंना सांगितली, तर त्या पुत्राचे भविष्य सांगत बसणार नाहीत. “आधी रक्त तपासून घ्या,” एवढेच म्हणतील.

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ या शब्दावरून आला. सुश्रुताने चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला दोन हृदयांची मानले आहे. एक तिचे, एक बाळाचे. म्हणून तिची इच्छा ती एकटीची नव्हे, आणि ती डावलू नये. आपले डोहाळजेवण याच समजुतीचे लेकरू. आपल्या जुन्या वैद्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. चरकाने पांडुरोगाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांतला एक माती खाल्ल्याने होणारा आहे. आणि पांडुरोगावर लोहाची औषधेही सांगितली आहेत. माती, फिकटपणा आणि लोखंड यांचे काही नाते आहे, हे त्यांनी बरोबर हेरले होते. आजचे शास्त्र त्यात एवढीच भर घालते की, हे नाते दोन्ही बाजूंनी चालते. शरीरात लोह कमी पडले की माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ असे काहीबाही खावेसे वाटू लागते. आणि खाल्लेली चिकणमाती पोटातले उरलेसुरले लोहही धरून ठेवते. म्हणजे ज्याची उणीव, त्याचीच आणखी लूट!

गरोदरपणी लोह लागते तरी किती? बाईच्या अंगातले रक्त या काळात जवळजवळ दीडपट होते. त्या वाढीव रक्तातल्या तांबड्या पेशी, वार आणि बाळ या सर्वांना मिळून नऊ महिन्यांत सुमारे १००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम लोह खर्ची पडते. चिमूटभर धातू, पण रोजच्या जेवणातून तो जमवणे सोपे नसते. बाळ जन्मतेवेळी पहिल्या काही महिन्यांची लोहाची शिदोरी आईकडूनच बांधून आणते, कारण दुधातून त्याला लोह फार थोडे मिळते. आईची कोठी रिकामी असेल, तर शिदोरीही लहानच. शिवाय रक्त मुळात कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव सोसवत नाही. मरण दारात येते ते बहुधा याच वाटेने.

हा प्रश्न दूरच्या दुष्काळी मुलखाचाच आहे असे कोणी समजू नये. ठाण्याला कापूरबावडीहून कोलशेतचा रस्ता फुटतो. आज त्याच्या दोन्ही अंगांना उंचच उंच इमारती उठल्या आहेत. पण रस्ता खाडीपाशी पोहोचतो तिथे आगरी-कोळ्यांचे जुने गाव अजून नांदते आहे. गाव शहरात आले, तरी चूल एका दिवसात शहरात येत नाही. खाडीकाठच्या अशा गावातले जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, भात आणि माशाचे कालवण. कधी सुकट, कधी जवळा, कधी सुके बोंबील. वर जेवणानंतर कपभर चहा. यात वाईट काय आहे? पुष्कळ काही चांगलेच आहे. मासळीतले लोह शरीराला लवकर लागू पडते. इतकेच नव्हे, तर मासळीबरोबर खाल्लेल्या भाजीभाकरीतले लोहही त्यामुळे जास्त शोषले जाते. प्रश्न आहे तो मासळी कोणाच्या ताटात पडते, याचा.

आमच्याकडे ताटे वाढण्याचा क्रम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो साऱ्यांना पाठ असतो. आधी पुरुषमंडळी, मग मुले, मग सासूबाई, आणि सर्वांचे झाल्यावर सून. त्या वेळेपर्यंत पातेल्यात तुकडी उरलेली नसते; उरतो तो रस्सा. रश्शाने भाकरी ओली होते, पण तुकडीतले लोह रश्शात उतरत नाही. घरात मासळी शिजली, म्हणजे सुनेने मासळी खाल्ली, असे कोणी धरून चालू नये. शेतावरच्या घरात तुकडीच्या जागी उसळ असेल आणि रश्शाच्या जागी आमटीचे पाणी, क्रम तोच. त्यातच काही वडीलधाऱ्या बायका सांगतात, “फार खाऊ नकोस गं, मूल मोठे झाले तर अडशील.” सांगणाऱ्या बाईचा हेतू मायेचाच असतो. बाळंतपणात अडलेल्या बायका तिने पाहिलेल्या असतात. पण या सल्ल्याने बाळ अशक्त होते आणि आईही.

याच मुंबई-ठाण्याच्या भूमीवर शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी बाईने असा प्रश्न धसास लावला होता, हे फार थोड्यांना माहीत असेल. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि गरोदर गिरणीकामगार बायकांतील रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. या बायकांच्या आहारात भाजीपाला, फळे आणि प्रथिने फार कमी, हे त्यांच्या ध्यानात आले. यीस्टपासून बनवलेल्या ‘मार्माइट’ नावाच्या साध्या, स्वस्त पदार्थाने यांतल्या पुष्कळ जणी बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली जाहीर केले. त्यातले गुणकारी द्रव्य कोणते, याचा उलगडा व्हायला आणखी दहा वर्षे लागली. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, आणि पानावरूनच त्याचे नाव पडले, फॉलिक ॲसिड. रक्त लोहाने बनते हे खरे. पण लोहाला पानाचीही जोड लागते, हा धडा मुंबईच्या गिरणगावाने जगाला दिला.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या तांबड्या गोळीत आज हीच दोन द्रव्ये एकत्र नांदतात: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. अशा गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहीम २०१८ साली आली. असे असूनही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

मग गोळ्या जातात कुठे? पुष्कळशा फडताळातल्या डब्यात. दोन दिवस गोळी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते, पोट धरते. “गोळीने मूल काळे होईल” असे शेजारीण सांगते. आणि डब्याचे झाकण बंद होते. काळे शौच हे न शोषलेल्या लोहाचे असते, त्याने काही बिघडत नाही. बाळाच्या रंगाचा आणि गोळीचा सुतराम संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर निजताना गोळी घ्यावी. मात्र ती चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. ही एवढी माहिती गोळीबरोबर मिळाली, तर पुष्कळ डबे उघडतील. आशाताई हे सांगतात. पण त्या सुनेला सांगतात, आणि घरात चालते ते सासूबाईंचे. तेव्हा त्यांनाही शेजारी बसवून सांगावे.

जेवणाचेही तसेच आहे. चहा जेवणाला चिकटून न पिता तासभराने प्यावा. चहातले तुरट द्रव्य लोहाला अडवते. उलट लिंबू, आवळा, पेरू ही आंबट फळे लोह शोषायला मदत करतात. माठ, चवळीचा पाला, शेवग्याचा पाला या भाज्यांवर लिंबू पिळायला खर्च फारसा नाही. कडधान्याला मोड आणले की त्यातले लोह अधिक मोकळे होते. तांदळापेक्षा बाजरीत लोह कितीतरी जास्त, म्हणून आठवड्यातून दोनचार भाकऱ्या बाजरीच्या असाव्यात. आणि आजीची लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल, तर खाली काढावी; चिंचेची आमटी तीत शिजली की थोडे लोह आमटीतही उतरते. हळिवाचे लाडू बाळंतिणीसाठी राखून ठेवण्याची आपली रीत आहे; पण लोहाची गरज बाळंतपणाच्या आधीपासूनच असते.

एवढ्यावरही रक्त तपासलेच पाहिजे. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय, आणि ७ च्या खाली गेले की घरच्या उपायांवर विसंबून न राहता दवाखाना गाठावा. सिकलसेल किंवा थॅलसेमियासारख्या आजारांतही रक्त कमी असते, आणि तिथे उपचार वेगळे असतात. म्हणून अंदाजाने काही ठरवू नये.

सातव्या महिन्यात आपण हिरवी साडी नेसवतो, फुलांचे दागिने घालतो, झोपाळ्यावर बसवून “काय खावेसे वाटते?” असे कौतुकाने विचारतो. फार सुंदर चाल आहे ही. ती मोडू नये. पण त्या एका दिवशी जिला आपण सर्वांच्या आधी वाढतो, तिला उरलेल्या दिवशीही सर्वांच्या आधी, निदान सर्वांच्या बरोबर वाढावे. पातेल्यातली एक तुकडी तिच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवावी. आणि ती कधी माती चघळताना दिसलीच, तर हसू नये, रागावूही नये. दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला न्यावे.